शिक्रा, दोन आठवड्यांची पिल्लं आणि तोडलेली करवंदीची जाळी

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली, डोंगराच्या पायथ्याशी असलेली सहा-सात घरांची वस्ती. ज्या घराचं हे प्रकरण आहे त्याच्या मागे साधारण तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद परडं आहे. परड्याच्या कडेला एक जुना फणस, पलीकडे बांध, बांधाखाली ओढा, आणि ओढ्याच्या काठाने आंबा, जांभूळ, ऐन अशी दाट राई. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. दहा-बारा गावठी कोंबड्या पूर्वीपासूनच होत्या. रात्री खुराड्यात, दिवसा परड्यात मोकळ्या.

त्या वर्षी घरातल्या बाईंनी बचत गटाच्या कर्जातून कावेरी जातीची ५० एक दिवसाची पिल्लं घेतली. सुधारित जात, इनक्यूबेटरमधून निघालेली, म्हणजे आई नसलेली. २० मार्चला पिल्लं आली. दोन आठवडे बल्बच्या उबेत, भाताच्या तुसावर ठेवली. पाचव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेत रोगावरची लस झाली. या काळात दोन मेली, ४८ उरली. ४ एप्रिलला ब्रूडरमध्ये, म्हणजे त्या उबेच्या जागेत, दाटी व्हायला लागली म्हणून ती परड्यात सोडली. त्याच सुमारास दोन खुडूक कोंबड्यांची गावठी पिल्लंही बाहेर फिरायला लागली होती, एकीची ११ आणि दुसरीची ८. एकूण ६७ पिल्लं.

आणखी एक गोष्ट त्या हिवाळ्यात झाली होती. परडं मोठं आणि मोकळं दिसावं म्हणून बांधालगतची करवंदीची जाळी आणि घाणेरीची झुडपं मुळापासून काढली होती. त्या वेळी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, आणि अडचण सुरू झाल्यावरही बरेच दिवस ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अडचण

पहिल्या सहा दिवसांत दहा पिल्लं गेली. त्यातली नऊ कावेरीची. मुलांनी दोनदा "घार आली, घार आली" म्हणून आरडाओरड केली. बाईंनी सकाळी दाणे टाकल्यावर अर्धा तास आकाशाकडे बघत पहारा दिला. त्या अर्ध्या तासात काही झालं नाही, आणि हंडा भरायला आत गेल्या तर परत आल्यावर एक कमी.

घरातल्यांनी तीन गोष्टी केल्या. खांबाला जुन्या सीड्या बांधल्या. बुजगावणं उभं केलं. मोठ्या मुलाने गलोल घेऊन फणसावर बसणाऱ्या एका राखाडी पक्ष्याला दोन दिवस पिटाळलं. तो पक्षी पावशा होता, शिकारी नव्हे. ही चूक अगदी नेहमीची आहे. पावशा आकाराने, रंगाने, शेपटीवरच्या पट्ट्यांनी आणि उडण्याच्या ढबीनेही शिक्र्यासारखा, म्हणजे रानातल्या लहान बाजासारखा दिसतो, इतका की लहान पक्षी त्यालाही शिकारी समजून मागे लागतात. फरक चोचीत आणि पायांत आहे. पावशाची चोच सरळसर, टोकाशी किंचित वाकलेली आणि पाय आखूड, दुबळे. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच वळलेली, पाय लांब, पिवळे, आणि मधलं बोट इतरांपेक्षा ठळक लांब. शिवाय एप्रिल-मेमध्ये जो घसा फाडून "पेरते व्हा" ओरडतो तो पावशा. शिकारीला बसलेला शिक्रा तोंड उघडत नाही.

नेमकं नेतं कोण

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले पर्यवेक्षक लसीच्या निमित्ताने आले, त्यांच्यासोबत पक्ष्यांची जाण असलेले एक शिक्षक होते. दोघांनी उपाय सांगण्याआधी दहा दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. वहीत चारच रकाने: वेळ, जागा, काय पाहिलं, मागे काय उरलं. या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय, आणि तो पटायला सोपा नव्हता. रोज पिल्लू जात असताना वही लिहीत बसायचं म्हणजे घरच्यांना थट्टाच वाटली.

वाचायच्या खुणा अशा सांगितल्या होत्या:

शिक्रा किंवा तसा कुठलाही रानातला बाज पिल्लू उचलून आडोशाला नेतो आणि खाण्याआधी पिसं उपटतो. उपटलेल्या पिसाचा देठ खालपर्यंत शाबूत असतो. एखाद्या ओंडक्यावर, बांधाच्या दगडावर किंवा आडव्या फांदीखाली मऊ पिसांचा गोल पडलेला मिळतो.

मुंगूस दिवसाच येतं. पिसं दातांनी कातरलेली, देठ तुटलेले, ओलसर झुबके एकत्र चिकटलेले. डोकं किंवा मान आधी जाते आणि धड झुडपाकडे ओढत नेल्याची खूण उरते.

कावळा अगदी लहान, आठ-दहा दिवसांच्या आतल्या पिल्लांवरच हात मारतो, तोही उघड्यावर आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

घार वरून घिरट्या घालत उघड्यावरचं उचलते. शेपटीची खाच दिसली की ओळख पटली.

१० ते १९ एप्रिल या दहा दिवसांत आठ पिल्लं गेली. पाच शिक्र्याने नेली, त्यातली तीन जाताना प्रत्यक्ष दिसली. दोन मुंगसाने, एक कावळ्याने. घारीच्या नावावर एकही नाही. बांधापलीकडे पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पिसांचे गोल सापडले, आणि त्या पिसांत कोंबडीची पिसं निम्मीसुद्धा नव्हती. बुलबुलाची पिसं, सरड्याची शेपूट, सापसुरळीचे अवशेष, टोळांचे पाय. शिक्र्याची रोजची भाकरी हीच. कोंबडीचं पिल्लू हाताशी आलं म्हणून घेतलेलं.

ओंडक्यापासून साठेक पावलांवर आंब्याच्या दुबेळक्यात कावळ्याच्या घरट्याएवढं काटक्यांचं घरटं होतं. मादी त्यावर बसलेली. अंडी उबवण्याच्या या दिवसांत आणि पिल्लं लहान असताना शिकार जवळजवळ सगळी नराच्या अंगावर असते. म्हणजे परड्यात येणारा नर होता, आणि पुढचा महिना-दीड महिना तो दमणार नव्हता, उलट पिल्लं निघाल्यावर त्याच्या फेऱ्या वाढणार होत्या.

शिक्रा शिकार कशी करतो

उपाय समजून घ्यायचा तर हे नीट बघावं लागतं.

शिक्रा साळुंकीपेक्षा मोठा, साधारण तीस सेंटिमीटर लांबीचा. नर मादीपेक्षा लहान आणि हलका. पंख आखूड आणि टोकाला गोल, शेपूट लांब. ही ठेवण लांब पल्ल्यासाठी नाही, झाडांच्या दाटीत झटक्यात वळण्यासाठी आहे. आखूड पंख फांद्यांना अडत नाहीत, लांब शेपूट सुकाणूचं आणि ब्रेकचं काम करते. बहिरी ससाणा उघड्या आकाशातून वरून झेपावतो, घार तरंगत हेरते. शिक्रा यातलं काहीच करत नाही. तो बसतो. पानांच्या आड, खोडाला लागून, जमिनीपासून चार-सहा मीटर उंचीवर, जिथून समोर मोकळी जागा दिसेल आणि आपण दिसणार नाही अशा ठिकाणी. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग फांदीवरून खाली सुटतो. सुटतो म्हणजे अक्षरशः पडतो, आणि जमिनीच्या जवळ येऊन पाच-सात झपाझप पंख मारत, मध्ये किंचित तरंगत, गुडघ्याच्या उंचीवरून येतो. वाटेत बांध, गवताची गंज, कपड्यांची दोरी, काहीही आड घेता येत असेल तर घेतो. वीस-पंचवीस मीटर अंतर दोन-तीन सेकंदांत संपतं. शेवटच्या क्षणी पाय पुढे, शेपूट पसरलेली. पकड पायांची, मारही पायांचाच: मागच्या आणि आतल्या बोटांच्या नख्या आवळत राहायच्या. ससाणा चोचीने मानेचा मणका तोडतो, तसं इथे नाही.

झेप चुकली तर शिक्रा फार पाठलाग करत नाही. दुसऱ्या फांदीवर जाऊन पुन्हा बसतो. पण जमली, तर दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर येतो.

घरातले आकाशाकडे बघत होते, आणि शिकारी गुडघ्याच्या उंचीवरून येत होता. सीड्यांचा चकाकणारा प्रकाश वरून येणाऱ्याला दिसला तर दिसला. फांदीवर बसून पाहणाऱ्याला तिसऱ्या दिवशी त्या सीड्या परड्याचाच भाग वाटायला लागल्या.

वजनाचा हिशेबही याच ओघात येतो. नर शिक्र्याचं स्वतःचं वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. ऐंशी-शंभर ग्रॅमचं पिल्लू तो बांधापलीकडे ओढत-उडत नेऊ शकतो. दीडशेच्या पुढचं उचलणं त्याला जड जातं, अडीचशे ग्रॅमच्या वर तो सहसा नाद करत नाही. म्हणजे धोक्याची खिडकी ठरलेली आहे: पिल्लू उबेतून बाहेर आल्यापासून साधारण पाच आठवड्यांचं होईपर्यंत. कावेरीची पिल्लं नेमकी त्या खिडकीच्या तोंडाशी परड्यात सोडली गेली होती.

आईची पिल्लं का वाचली

वहीतली सगळ्यात बोलकी ओळ ही होती. पहिल्या दोन आठवड्यांत कावेरीची १५ गेली, गावठी ३. गावठी पिल्लं अंगाने लहान, म्हणजे उचलायला सोपी, तरीही कमी गेली.

कोंबडीचे धोक्याचे आवाज दोन आहेत. जमिनीवरून कुत्रं, मुंगूस आलं की ती थांबून थांबून "कट-कट-कटाक" करते. हवेतून आलेल्यासाठी वेगळा: बारीक, लांब, कापरा, एका दमात. हा आवाज आला की तिची पिल्लं जवळच्या आडोशाखाली घुसतात किंवा तिच्या पंखाखाली येतात. कावेरीची पिल्लं परडंभर पांगलेली असायची. ती आवाज ऐकून जागच्या जागी दबून बसायची, उघड्या मातीवर. दबून बसलेलं पांढुरकं पिल्लू म्हणजे शिक्र्याला ताटच.

याच चर्चेत आजी म्हणाल्या, "जाळी हुती तवर एक पिल्लू गेलं नाय." सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, जाळीत साप असत्यात." "असत्यात की. पर पिल्लं काट्यात शिरायची, तो मेला भाईर बसायचा."

आजींचं म्हणणं तपासून पाहिलं. फणसाची आडवी फांदी जिथून परडं दिसतं, तिथपासून दाणे टाकायच्या जागेपर्यंत अंतर मोजलं: २२ मीटर. मध्ये काहीही नाही. पूर्वी या रेषेत करवंदीची जाळी आडवी होती. म्हणजे शिक्र्याची बसायची जागा शाबूत राहिली होती आणि पिल्लांची लपायची जागा गेली होती. दाटीचे दोन प्रकार असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उंच, पानगर्द, आडव्या फांद्यांची दाटी शिकाऱ्याच्या कामाची. गुडघाभर उंचीची काटेरी दाटी लपणाऱ्या पिल्लांच्या कामाची. साफसफाईत नेहमी दुसरीवर कोयता पडतो, कारण ती हाताला लागते.

पर्याय आणि त्यांचं वजन

पकडणं किंवा मारणं. शिक्रा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, मारणं, घरटं किंवा अंडी काढणं हा गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी गणित जुळत नव्हतं. एक जोडी गेली तर तेवढ्या चांगल्या राईत दुसरी येतेच.

घरट्याचं झाड तोडणं. तोच कायदा, शिवाय घरचाच आंबा. हा विषय पाच मिनिटांत संपला.

फणसाची फांदी छाटणं. घरट्याला धक्का नाही, म्हणून हे करून पाहिलं. शिक्रा दोन दिवसांनी वरच्या फांदीवर आणि एकदा विजेच्या खांबाच्या ताणावर बसलेला दिसला. फांद्या असंख्य असतात. मोकळी जागा एकच असते. फांदीऐवजी त्या मोकळ्या जागेचं काहीतरी करायला हवं होतं.

कुत्रं बांधणं. मुंगसासाठी उपयोगी. शिक्र्याला कुत्र्याशी काही देणंघेणं नाही.

कोतवाल पक्ष्यावर भरवसा. गमतीचा वाटेल, पण विचार झाला. तारेवर कोतवालाची जोडी असेल आणि जवळ घरटं असेल तर ती शिक्र्याला चोचा मारून हुसकावते, हे खरं आहे. पण कोतवाल आपलं घरटं राखतो, तुमचं परडं नाही.

वरून जाळं टाकणं. झाकलेला वाडा बांधणं. पिल्लांची वेळ बदलणं. या तीनपैकी पहिलं आधी केलं, आणि तिथे मोठी चूक झाली.

फसलेला उपाय

१३ एप्रिलला नवऱ्याने घरातलं मासेमारीचं बारीक नायलॉनचं जाळं परड्याच्या निम्म्या भागावर, बांबूंवरून सैल टाकलं. खर्च शून्य. अडचणी तीन होत्या. जाळं वरून होतं, बाजू मोकळ्या होत्या, आणि येणारा बाजूनेच यायचा. धागा एकेरी आणि पारदर्शक, म्हणजे सावलीत दिसतच नाही. आणि सैल, म्हणजे धडकलेला पक्षी उसळून परत जाण्याऐवजी गुंडाळला जातो.

१५ एप्रिलला सकाळी नऊच्या सुमाराला नर शिक्रा बाजूने आत शिरला, पिल्लू हुकलं, वर उठला आणि जाळ्यात अडकला. लालसर डोळ्यांचा, वरून निळसर राखाडी, छातीवर विटकरी बारीक पट्ट्या. डावा पंख आणि दोन्ही पाय गुंतलेले. मोठा मुलगा जाळं ओढून काढायला धावला. बाईंनी त्याला थांबवलं आणि शिक्षकांना फोन लावला. हा दुसरा निर्णय, आणि याने घरटं वाचलं. नर मेला असता तर मादीला अंड्यांवरून उठावं लागलं असतं.

फोनवरून सांगितलेलं काम या क्रमाने झालं. आधी जाड सुती टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकला. अंधार झाला की पक्षी पुष्कळ शांत होतो. मग टॉवेलवरून दोन्ही पंख अंगाशी दाबून धरले आणि पाय बोटांच्या वर, नळीजवळ, एकत्र पकडले. इजा चोचीने नाही, नख्यांनी होते. छाती दाबायची नाही, कारण पक्षी श्वास छाती हलवूनच घेतो. जाळं कात्रीने कापलं, एकही धागा ओढला नाही. पंखाच्या सांध्यात आणि बोटांच्या बेचक्यात धागा उरला नाही ना, ते बघितलं. भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली जुनं कापड घालून, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवला. पाणी पाजलं नाही, मांस दिलं नाही. पाजलेलं पाणी घाबरलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं. दुपारी वनरक्षक आले, पंख दोन्ही बाजूंनी सारखा उघडतो हे तपासलं, आणि साडेचारच्या सुमाराला बांधावरूनच सोडला. तो सरळ राईत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फणसावर हजर.

जाळं त्याच दिवशी उतरवलं. एक बारीक गोष्ट इथे नोंदवायला हवी: जाळ्याचे कापलेले तुकडे परड्यातच पडले होते, आणि आठवड्याने एका कोंबडीच्या पायाला त्यातला धागा आवळलेला सापडला. पाय सुजला होता, वाचला.

काय बांधलं

२० एप्रिलला वाडा तयार झाला. २० फूट लांब, १० फूट रुंद, पाच फूट उंच, घराच्या भिंतीला एक बाजू लावून.

खांब घरच्या बांबूचे, दर पाच फुटांवर एक, दीड फूट जमिनीत. टोकाला डांबर. खालचे तीन फूट अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा सांधलेली मजबूत जाळी, कारण मुंगसाचं पिल्लूही एक इंचाच्या भोकातून आत येतं. ही जाळी जमिनीवर टेकवून थांबवली नाही. नऊ इंच बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवली आणि वर माती-दगड टाकले. मुंगूस जाळीच्या बुडाशी उकरतं, आडव्या जाळीवर उभं राहून उकरायचं त्याला सुचत नाही. वरचे दोन फूट साधी कोंबडी-जाळी. छपराला ५० टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट, चारही बाजूंनी बाइंडिंग तारेने ताणून. ताणलेलं आणि डोळ्याला दिसणारं, हे दोन्ही हवं. शिक्रा त्यावर उतरला तरी अडकत नाही. उन्हाची सोय झाली ती वेगळी. दाराच्या चौकटीखाली फट राहू नये म्हणून दगडी उंबरा.

सामान साधारण साडेपाच हजारांचं झालं. बांबू आणि मजुरी घरची.

वाड्याबाहेरच्या परड्यात आडोसे टाकले. जुन्या बांबूच्या तट्ट्या विटांवर, जमिनीपासून नऊ इंच उंच. एका बाजूने टेकवलेली दोन डालगी. बोरीच्या आणि करवंदीच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग. पिल्लू कुठेही असलं तरी आडोसा दोन मीटरच्या आत, या हिशेबाने बारा जागा केल्या. दाणे टाकायची जागा फणसासमोरून हलवून घराच्या पडवीजवळ नेली, आणि रोज तीच वेळ ठेवायची नाही असं ठरलं. शिक्र्याला वेळापत्रक चटकन कळतं. नोंदीत त्याच्या बहुतेक फेऱ्या सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर होत्या, म्हणजे दाण्याच्याच वेळा.

काय झालं

वाड्यात ४९ पिल्लं गेली, कावेरीची ३३ आणि गावठी १६, आयांसकट. १५ मेपर्यंत शिक्र्याने एकही नेलं नाही. पहिल्या आठवड्यात तो दोनदा शेडनेटवर उतरला, कडेकडेने चालला, खाली मान घालून पाहिलं आणि गेला. त्यानंतर फणसावरचं बसणं कमी झालं.

पण तीन पिल्लं गेली ती रक्ती हगवणीने. वाड्याच्या एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं कलंडायचं, तूस ओलं राहायचं, आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात ओल्या तुसावर कॉक्सिडियाचा रोग पसरतो. मोकळ्या परड्यात हे कधी झालं नव्हतं. शिकाऱ्यापासून वाचवायला कोंडलं की रोगाचा धोका वाढतो, हा हिशेब आधी कुणी मांडला नव्हता. पर्यवेक्षकांच्या सल्ल्याने पाण्यातून औषध दिलं, ओलं तूस काढून चुना टाकला, भांडं विटांवर उंच ठेवलं, आणि रोज सकाळी पंजाने तूस खालीवर करायला सुरुवात केली. पुढे एकही दगावलं नाही.

१६ मेला पिल्लं मोकळी सोडली. कावेरीची आठ आठवड्यांची, चारशे ग्रॅमच्या पुढे. गावठी सहा-साडेसहा आठवड्यांची. पुढच्या दोन महिन्यांत एक गावठी पिल्लू गेलं, कशाने ते कळलं नाही. शिक्र्याची तीन पिल्लं मेच्या अखेरीस घरट्यातून बाहेर आली आणि पंधरा दिवस राईत "किकी-किकी" करत आईबापांच्या मागे लागलेली दिसली.

बांधालगत करवंद पुन्हा लावली. रोपं वाढायला वेळ लागतो, तोपर्यंत फांद्यांचे ढीग दर पावसाळ्यानंतर नवे करावे लागतात, नाहीतर कुजून सपाट होतात.

पुढच्या वर्षी कोंबड्या डिसेंबरच्या सुरुवातीला अंड्यांवर बसवल्या. २१ पिल्लं डिसेंबर संपायच्या आत निघाली. त्या घरट्यात शिक्रा मार्च-एप्रिलमध्ये अंड्यांवर बसेपर्यंत ती तीन महिन्यांची झालेली होती. दोन गेली, दोन्ही मुंगसाने. थंडीत पिल्लं वाढवायची तर रात्रीच्या उबेची सोय लागते, तेवढा बल्बचा खर्च वाढला.

वेगळं काय करता आलं असतं

नोंद पहिल्याच दिवसापासून ठेवायला हवी होती. पहिल्या दहा पिल्लांपैकी किती शिक्र्याने नेली हे आता कुणी सांगू शकत नाही, आणि त्या दहांमुळेच घरातल्यांच्या मनात घार पक्की बसली होती. पावशाला दोन दिवस दगड खावे लागले ते त्यापायी.

आई नसलेली पिल्लं दोन आठवड्यांनी सोडण्याऐवजी ब्रूडर दुप्पट करून पाच आठवडे आत ठेवता आली असती. ५० पिल्लांसाठी चार आठवड्यांपर्यंत पंचवीस-तीस चौरस फूट पुरतात, पुढे जागा वाढवत न्यायची. वाडा नंतर बांधलाच, तो आधी बांधला असता तर तेवढ्याच पैशात १५ पिल्लं वाचली असती. पर्यवेक्षकांचं मत याहून वेगळं होतं: पहिल्याच खेपेला ५० आणायला नको होती, २० आणून परडं कसं आहे ते बघायला हवं होतं. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत, पण बचत गटाच्या कर्जाचा हप्ता २० पिल्लांवर फिटत नाही, हेही तितकंच खरं.

काही कावेरी पिल्लं गावठी कोंबडीखाली देता आली असती का? एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवली तर ती बहुधा स्वीकारते, पण तिची स्वतःची पिल्लं त्याच एक-दोन दिवसांत निघालेली हवीत आणि एका कोंबडीखाली एकूण बारा-पंधरांच्या वर नकोत. इथे तारखा दहा-बारा दिवसांनी हुकल्या. पुढच्या खेपेला पिल्लांची मागणी कोंबडी बसवलेल्या तारखेपासून एकवीस दिवस मोजून करायची, असं बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

फांदी छाटण्यात दोन दिवस आणि एका माणसाची मजुरी गेली. आणि मासेमारीचं जाळं कुठल्याच पक्ष्याच्या वाटेवर टाकायचं नाही, भाजीच्या वाफ्यावरसुद्धा नाही. ते आता मोठ्या मुलाने गुंडाळून माळ्यावर टाकलंय.